देवळालीचा रंगी राम

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच, त्यात पडत नाही. पण मध्यंतरी मामा-मामी इंग्लंडहून आले, महिनाभर नाशिकला आमच्याकडे राहिले, आणि एका संध्याकाळी एका जुन्या विलायती मालिकेवरून त्या दोघांचं जे काही झालं ते डोक्यातून जाईना. म्हणून मग त्या मालिकेतल्या नटाच्या मागे लागले. मायकेल बेट्स. नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही नव्हतं. चेहरा मात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे, ते पुढे येईलच.

आधी मामाचं सांगते. मामा १९७२ साली उत्तर इंग्लंडातल्या एका इस्पितळात डॉक्टर म्हणून लागला. (गाव आणि इस्पितळ मुद्दाम सांगत नाही, मामा हे वाचतो.) नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला, तू कुठला? नाशिक म्हटलं तर कुणाला काही कळायचं नाही. म्हणून तो म्हणायचा, देवळाली, मुंबईच्या वरच्या अंगाला. एवढं म्हटलं की समोरचा हसायला लागायचा. मामाला वाटलं आपला उच्चार चुकतोय. महिन्याभराने एका नर्सने समजावलं की इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला माणूस.

आणि हे खरंच आपल्या देवळालीवरून आलंय. १८६१ साली ब्रिटिशांनी इथे फौजेचा तळ वसवला. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथे आणून ठेवायचे, मुंबईहून जहाज मिळेपर्यंत. पण सैनिकांची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. ज्याची मुदत एप्रिलमध्ये भरली त्याने पुढच्या हिवाळ्यापर्यंत देवळालीत बसून राहायचं. काम नाही, कवायत नावापुरती, डोक्यावर ऊन, हाताशी दारू, जोडीला मलेरिया. त्यात जे भ्रमिष्टासारखं वागायला लागत त्यांना म्हणत 'डूलाली टॅप' झाला. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या सोल्जरने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या आठवणी छापल्या, त्यातही या तापाचं वर्णन आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि 'डूलाली' तेवढं उरलं. वापरणाऱ्या निम्म्या लोकांना हे एखाद्या गावाचं नाव आहे हेही ठाऊक नसतं.

तर मामा हसणाऱ्यांची सवय करून घेत होता, तेवढ्यात ३ जानेवारी १९७४ ला बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' सुरू झाली. स्थळ, देवळाली. काळ, १९४५. रॉयल आर्टिलरीच्या डेपोत एक नाटकमंडळी आहे, सोल्जरच बायकांची कामं करतात, गाणी म्हणतात, आणि त्यांची एकच धडपड की काहीही करून आपल्याला लढायला पाठवू नये. त्यांच्यावर सतत खेकसणारा सार्जंट मेजर विल्यम्स म्हणजे विंडसर डेव्हिस. लेखक दोघं, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट, 'डॅड्स आर्मी'वाले. दोघांनीही हिंदुस्थानात फौजेत दिवस काढलेले. पेरी खुद्द देवळालीतल्या अशाच नाटकमंडळीत होता, आणि क्रॉफ्ट पुण्यात करमणूक खात्याचा अधिकारी. त्यामुळे सगळं अगदी कपोलकल्पित होतं असं नाही. मालिका १९८१ पर्यंत चालली, ५६ भाग झाले, आणि ऐन भरात असताना प्रेक्षकांचा आकडा कोटीच्या वर जायचा.

या मंडळीचा जो बेअरर, तो रंगी राम. डोक्याला फेटा, तोंडाने सारखं 'आम्ही ब्रिटिश', आणि हाताखालच्या चहावाल्याला आणि पंखेवाल्याला साहेबाच्या तोऱ्यात फैलावर घेणार. शेवटी प्रेक्षकांकडे बघून एखादी बनावट हिंदू म्हण ऐकवणार. चहावाला झाला होता डिनो शफीक, जन्म ढाक्याचा. पंखेवाला बाबर भट्टी. आणि रंगी राम झाला होता मायकेल बेट्स, गोरा इंग्रज, तोंडाला तपकिरी रंग फासून.

दुसऱ्या आठवड्यापासून वॉर्डात मामाचं नाव रंगी पडलं. सात वर्षं ते चिकटून राहिलं.

आता हा बेट्स कोण? मी शोधायला बसले तेव्हा माझी अपेक्षा होती की कुणीतरी लंडनचा नकलाकार निघेल, आयुष्यात हिंदुस्थान न पाहिलेला. निघाला भलताच. जन्म ४ डिसेंबर १९२०, झाशी! पुढे शिक्षणाला विलायतेत, आधी अपिंगहॅम, मग केंब्रिज. दुसऱ्या महायुद्धात गुरखा ब्रिगेडमध्ये, ब्रह्मदेशच्या आघाडीवर, मेजरच्या हुद्द्यापर्यंत. उर्दू अस्खलित. म्हणजे ज्या फौजेची ही मालिका टिंगल करत होती, त्या फौजेत तो खराखुरा मेजर होता, आणि १९४५ साली त्याच्या दिमतीला खराखुरा बेअरर असणार. तीस वर्षांनी तो त्या बेअररचं सोंग घेऊन टीव्हीवर उभा राहिला. लिहून दाखवलं तर कुणी म्हणेल ओढूनताणून जुळवलंय.

युद्धानंतर तो नाटकात गेला. स्ट्रॅटफर्ड, ओल्ड व्हिक, शेक्सपिअरची बरीच कामं. रेडिओवर 'द नेव्ही लार्क' नावाची नौदलाची विनोदी श्रुतिका १९५९ साली सुरू झाली आणि अठरा वर्षं चालली, तिच्यात हा एकटा चार-पाच माणसं व्हायचा. खलाशी जिंजर तोच, रिअर अ‍ॅडमिरल तोच, शिवाय बेट्स नावाचा एक लेफ्टनंटही तोच. कान इतका तयार की एकाच प्रसंगात स्वतःशीच भांडत असेल. चरित्र नट म्हणतात ते हेच लोक. नाव पाटीवर तिसऱ्या-चौथ्या ओळीत, तोंड ओळखीचं, आणि आपण म्हणतो, अरे हा तो, कुठे बरं पाहिला होता?

त्याचं मला सर्वांत आवडलेलं काम मी पाहूच शकणार नाही, कारण ते रंगभूमीवरचं आहे. जो ऑर्टन या नाटककाराचं 'लूट' १९६५ साली दौऱ्यावर साफ पडलं होतं. त्यात इन्स्पेक्टर ट्रस्कॉटचं काम होतं केनेथ विल्यम्स या मोठ्या विनोदी नटाकडे. हा ट्रस्कॉट पाणीखात्याचा माणूस म्हणून घरात घुसतो, दमदाटी करतो, मारतो, आणि शेवटी स्वतःच लाच घेतो. १९६६ मध्ये चार्ल्स मारोविट्झने ते लंडनमध्ये नव्याने बसवलं आणि ट्रस्कॉट दिला बेट्सला. यावेळी नाटक असं चाललं की इव्हनिंग स्टँडर्डचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नाटकाचा पुरस्कार मिळाला. या बेट्सने वर्दीतली माणसं आतून पाहिलेली होती. हुकूम देताना माणूस किती गंभीर असतो आणि बाहेरून तो किती हास्यास्पद दिसतो, हे त्याला नेमकं ठाऊक होतं असं मला वाटतं. त्याच्या सगळ्या चांगल्या कामांत हाच धागा आहे.

आता तुम्ही पाहिलेला चेहरा. कुब्रिकचा 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) आठवा. अ‍ॅलेक्सला तुरुंगात आणतात, तिथे टेबलाशी एक जाड मिशीचा मुख्य पहारेकरी असतो. जमिनीवर रेघ आखलेली, पायाची बोटं रेघेच्या पलीकडेच राहिली पाहिजेत, खिशातली प्रत्येक वस्तू मांडायची, आणि हा प्रत्येक शब्द परेडच्या मैदानावर ओरडल्यासारखा उच्चारतो. तो बेट्स. त्या भेसूर सिनेमात हसू येतं ते बहुतेक याच्याच वाटणीला. किंवा 'पॅटन' (१९७०). जॉर्ज सी. स्कॉटच्या पॅटनसमोर जो माँटगोमेरी आहे तो बेट्सच. दिसायलाही बराच तसा. सिसिलीवर चढाई कशी करायची हे तो शौचालयातल्या आरशावर फुंकर मारून, वाफेवर बोटाने नकाशा काढून समजावतो. एवढासा प्रसंग, पण माँटगोमेरीचा सगळा अहंकार त्यात येतो. हिचकॉकच्या 'फ्रेन्झी'त (१९७२) तो सार्जंट स्पिअरमन आहे. त्यात बोलण्यापेक्षा ऐकण्याचंच काम जास्त. बायको घरी फ्रेंच पाकक्रिया शिकतेय म्हणून उपाशी राहिलेला वरिष्ठ ऑफिसात भरपेट न्याहारी करत गाऱ्हाणी सांगतो, आणि हा नुसता ऐकतो. ते ऐकणं बघण्यासारखं आहे.

आणि मग 'लास्ट ऑफ द समर वाइन'. जानेवारी १९७३ मध्ये एक सुटा भाग झाला, नोव्हेंबरात मालिका सुरू झाली, २०१० पर्यंत चालली. यॉर्कशरमधलं होम्फर्थ गाव, तीन रिकामटेकडे म्हातारे, टेकड्यांवर भटकणं आणि वायफळ गप्पा. रॉय क्लार्कचं लेखन. पहिल्या दोन मोसमांत त्या तिघांतला एक, सिरिल ब्लेमायर, टापटीप, टाय लावलेला, नाक जरा वर, फौजेतून आलेला, तो बेट्स. बाकीचे दोघं बिल ओवेन आणि पीटर सॅलिस. ओवेन कट्टर डावा, बेट्स तितकाच उजवा, आणि दोघांची राजकारणावरून सुरुवातीलाच अशी जुंपली की निर्मात्याला वाटलं, मालिका इथेच संपली. पडद्यावर मात्र त्या कुरबुरीचा फायदाच झाला. १९७६ च्या मोसमात ब्लेमायर नाही. लग्न करायला गेला अशी चिठ्ठी ठेवून लेखकाने त्याला निरोप दिला. प्रत्यक्षात बेट्सला कॅन्सर झाला होता. रंगी रामचं काम मात्र त्याने जमेल तसं चालू ठेवलं. जानेवारी १९७८ मध्ये तो गेला. वय सत्तावन्न. क्रॉफ्ट आणि पेरीने रंगी रामच्या जागी दुसरा माणूस आणला नाही.

तर हे असं. ज्या मालिकेने त्याला घराघरात नेलं तिचंच पुनर्प्रक्षेपण बीबीसीने पुढे बंद केलं, आणि मुख्य कारण रंगी राम. पेरी शेवटपर्यंत (तो २०१६ मध्ये गेला) म्हणत राहिला की त्या काळी हे काम करू शकेल असा हिंदी नट विलायतेत मिळाला नाही, आणि बेट्सची उर्दू तर पक्की होती. दुसरा मुद्दा मला मान्य. पहिला पटत नाही. झिया मोहिउद्दीन १९६० मध्येच लंडनच्या रंगभूमीवर 'अ पॅसेज टू इंडिया'त डॉ. अझीझ होऊन गाजला होता. सईद जाफरी तिथेच होता, १९७५ मध्ये तो शॉन कॉनरी आणि मायकेल केन यांच्या बरोबरीने 'द मॅन हू वुड बी किंग'मध्ये दिसला. नट होते. 'आमच्यातलाच एक' हवा होता म्हणून ते दिसले नाहीत, असं माझं मत. आणि ही काही एकट्या बेट्सची गोष्ट नाही. स्पाइक मिलिगनने १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स'मध्ये असाच रंग फासला. तो तर जन्माने नगरचा, लहानपण पुण्यात गेलेलं. १९८४ मध्ये डेव्हिड लीनने 'अ पॅसेज टू इंडिया' काढला, तेव्हा रोशन सेठ, सईद जाफरी, व्हिक्टर बॅनर्जी सगळे हाताशी असूनही प्राध्यापक गोडबोले कोण? अ‍ॅलेक गिनेस. गोडबोले! आमच्या आत्याच्या सासरचं आडनाव. आत्या अजून चिडते.

आता त्या संध्याकाळचं. मीच यूट्यूबवर तो कार्यक्रम शोधून टीव्हीवर लावला. मनात एक खोडसाळपणा होता, मामा किती चिडतो बघू. मामी स्वयंपाकघरात होती. मामा सोफ्यावर डोळे मिटून ऐकत बसला आणि म्हणाला, "अगं, चित्र बघू नकोस. नुसतं ऐक. हा पंखेवाल्याशी बोलतो ना, ते ऐक." मी ऐकलं. खरंच, ते नाटकी इंग्रजी बाजूला ठेवलं की मधूनच येणारं हिंदुस्थानी अगदी ओघातलं आहे, ठेका बरोबर, शब्द तोंडात घोळलेले. मामा म्हणाला, "चार वर्षं त्या वॉर्डात मला हिंदी ऐकू यायचं ते फक्त गुरुवारी रात्री, याच्या तोंडून."

एवढ्यात मामी बाहेर आली, रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. मामाला म्हणाली, "तुला कुणी रंगी म्हटलं की तू हसायचास. घरी येऊन जेवायचा नाहीस ते कुणी पाहिलं? मी पाहिलं." मामा काही बोलला नाही. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं असावं, असं दोघांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

नंतर मामाने आजोबांची एक गोष्ट सांगितली. मी ती आधी कधी ऐकली नव्हती. आजोबा, म्हणजे मामाचे वडील, १९४५ साली देवळाली कँपात भांडारात कारकून होते. त्या वेळी साहेबांचे बेअरर साहेबाने दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत. एकेकाकडे वीस-वीस वर्षांच्या चिठ्ठ्या. नवा साहेब आला की डबा पुढे करायचा. साहेब लोक जायला लागले, २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवेवरून शेवटची गोरी पलटण गेली, आणि या डब्यांचं करायचं काय हे कुणालाच कळेना. एक म्हातारा बेअरर डबा घेऊन आजोबांकडे आला, म्हणाला, बाबू, मला लिहिता-वाचता येत नाही, यात माझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा. आजोबांनी एकेक वाचली. बहुतेक चांगल्या होत्या. एकीत मात्र साहेबाने चेष्टा केली होती. हा माणूस चहा फार उत्तम करतो, शिवाय माझे मोजे आणि व्हिस्की यांचीही तो माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतो, अशा अर्थाचं काहीतरी. ती चिठ्ठी त्याने पंधरा वर्षं प्रत्येक नव्या साहेबाला सगळ्यात आधी दाखवली होती, कारण ती वाचली की साहेब हसायचे आणि नोकरी द्यायचे.

आजोबांनी ती वाचताना, चहा उत्तम करतो, माणूस विश्वासू आहे, एवढंच सांगितलं.

मामा म्हणाला, बेट्सला ती चिठ्ठी वाचता आली असती, आणि बेअररशी त्याच्या भाषेत बोलताही आलं असतं. मी विचारलं, मग त्याने काय केलं असतं? मामा म्हणाला, "तो साहेबासारखा मोठ्याने हसला असता, आणि मग बेअररची नक्कल अशी केली असती की बेअररही हसला असता." मामी म्हणाली, "बेअररच्या बायकोला विचारा."

मला या दोघांतलं कुणाचं बरोबर ते ठरवता आलेलं नाही. बेट्सला झाशीच्या अंगणात जे काही मिळालं, ती भाषा, तो ठेका, नोकरमाणसांची ती चाल, ते सगळं त्याने या एका भूमिकेत ओतलं, आणि वर रंगाचा एक डबा ओतला. रंगी राम झाला नसता तर कदाचित आपण त्याला ट्रस्कॉट आणि माँटगोमेरीसाठी ओळखलं असतं. कदाचित ओळखलंच नसतं.

दोन दिवसांनी मी मामीसाठी 'लास्ट ऑफ द समर वाइन'चे जुने भाग लावले. तिची ती फार आवडती मालिका. रविवारी संध्याकाळी इस्त्री करत बघायची म्हणे. ब्लेमायर आला तशी ती म्हणाली, "हा फार लवकर गेला मालिकेतून. मला फॉगीपेक्षा हाच आवडायचा." मी मामाकडे बघितलं, मामाने माझ्याकडे. मग मी सांगितलं, मामी, हाच रंगी राम.

मामीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. या खेपेला रिमोट तिच्याच हातात होता. भाग संपेपर्यंत तिने तो बंद केला नाही. संपल्यावर म्हणाली, "पुढचा उद्या लाव. आज कूकर लावायचाय."